शंभर टक्क्यांच्या बाहेर उभी असलेली मुले

दहावीचा निकाल लागला की महाड-पोलादपूरच्या नाक्यांवर शाळांच्या अभिनंदनाचे फलक झळकू लागतात. ‘शंभर टक्के निकाल’ ही अक्षरे पाहून पालक शाळेची पारख करतात. ही पारख किती खरी?

राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर घसरला आणि २०२० मध्ये ९५.३० टक्क्यांवर चढला. आपले शिक्षक एका वर्षी आळशी झाले आणि दुसऱ्या वर्षी एकाएकी कर्तव्यदक्ष बनले काय? मुळीच नाही. भाषांसारख्या विषयांतील शाळेने द्यावयाचे अंतर्गत गुण २०१९ मध्ये काढून घेतले गेले व पुढच्या वर्षी परत दिले गेले. प्रामुख्याने एवढाच तो चमत्कार! २०२१ मध्ये तर कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, तरी निकाल लागला ९९.९५ टक्के. वर्ग बंद असताना विक्रम घडत असेल, तर हा आकडा मोजतो तरी काय?

या हव्यासाची दुसरी बाजू अधिक क्रूर आहे. टक्केवारी काढताना परीक्षेला बसलेलीच मुले मोजली जातात. म्हणून कच्च्या मुलाला नववीतच अडकवायचे, किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगायचे, ही युक्ती शिक्षणक्षेत्रात कोणाला अपरिचित नाही. नव्व्याण्णव मेंढरे मागे ठेवून हरवलेल्या एकाच्या शोधात निघणारा मेंढपाळ आपल्याला ठाऊक आहे. येथे कळप निर्दोष दिसावा म्हणून त्या एकालाच बाहेर हाकलले जाते!

रायगडातील कितीतरी कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. मुलांनाही त्यांच्यामागे जावे लागते. अशा घरातले, पहिल्याच पिढीत शिकणारे मूल दहावीपर्यंत टिकून चाळीस टक्के मिळवते, तेव्हा त्यामागचे शाळेचे श्रम शिकवण्यांच्या बळावरील नव्वद टक्क्यांहून थोर असतात. फलकावर मात्र त्यांना जागा नसते.

महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे १९२४ मध्येच ठरावाने सर्वांना खुले केले होते. तरी पाण्याच्या ओंजळीसाठी १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. कागद आणि वास्तव यांतले अंतर या मातीतल्या माणसांनी तरी विसरू नये.

पालकहो, शाळेला टक्केवारी विचारू नका. पाचवीत किती मुले आली, दहावीला किती बसली आणि मधली कोठे गेली, एवढेच विचारा. हे उत्तर देताना जी चाचरणार नाही, ती शाळा चांगली.