देवाची इच्छा की आपली भीती?

परवा आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्त्यांचा हिशेब झाला, चहा आला आणि बायका मोकळ्या झाल्या. एकीच्या मुलीला स्थळ आलेलं. एकीचा मुलगा बारावी होऊन घरीच बसलेला. एकीला शिलाई मशीनसाठी कर्ज घ्यावं की नाही, हा प्रश्न. पण सगळ्यांच्या बोलण्याचा शेवट मात्र एकच. कुणी म्हणाली, "माहूरच्या आईच्या मनात असेल तसं होईल." कुणी म्हणाली, "अल्लाची मर्जी." मग एकीने माझ्याकडे पाहून विचारलं, "ताई, तुमच्यातबी असंच म्हणतात का हो?"

मी हसून 'हो' म्हटलं. आम्ही ख्रिस्ती. 'प्रभूची इच्छा' हे शब्द आमच्या घरात दिवसातून दहादा तरी निघतात. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, कारण या शब्दांच्या आड मी एकदा काय केलं होतं, ते मला आठवत होतं.

माझी थोरली बारावी झाली. तिला नर्सिंगला जायचं होतं. भोकरमध्ये राहून ते होणार नव्हतं. नांदेड किंवा त्याहून लांब, वसतिगृहात राहावं लागणार होतं. मी तिला म्हटलं, "आपण प्रार्थना करू. प्रभूची इच्छा असेल तर मार्ग उघडेल." मैत्रिणींनो, मी प्रार्थना खरंच केली. रोज केली. पण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला गेले नाही. शैक्षणिक कर्जाची चौकशी करायला बँकेची पायरी चढले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करता करता अर्जाची तारीख निघून गेली. मग मी शांतपणे म्हटलं, "प्रभूची इच्छा नव्हती."

लेक दोन दिवस काहीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते, तेव्हा जवळ येऊन म्हणाली, "आई, प्रभूचं नाव कशाला घ्यायलीस? अर्ज तर तूच भरू दिला नाहीस."

तवा तापलेला तसाच राहिला. तिचं खरं होतं. मला भीती वाटत होती. तरणी पोर परक्या गावी एकटी कशी राहील, नातेवाईक काय म्हणतील, फीचे पैसे कुठून येतील, ही ती भीती. ती कबूल करायची लाज वाटली, म्हणून मी तिला देवाचं नाव दिलं. पोरीचं एक वर्ष गेलं.

त्या दिवसांत मी 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला घेतलं. बी.ए.ला असताना वाचलं होतं, पण तेव्हा परीक्षेपुरतं. लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट आपल्यापैकी बऱ्याचजणींना माहीत असेल. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्या काळी नवरा जिकडे जाईल तिकडे बायकोने मुकाट्याने जायचं, हीच रीत. नवऱ्याचा निर्णय हाच देवाचा निर्णय, असं समजून त्या लगेच त्याच्या मागे गेल्या असत्या, तरी कुणी आश्चर्य केलं नसतं. पण त्या गेल्या नाहीत. लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांजवळ राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ राहायला आल्या, तरी सोवळं-ओवळं आणि आपलं खाणंपिणं त्यांनी वेगळंच ठेवलं. रडल्या, भांडल्या, प्रश्न विचारले. जातीपातीचे नियम देवाचे की माणसाचे, याचा स्वतःच्या मनाशी झाडा घेतला. मन ग्वाही देऊ लागलं, तेव्हा 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधे पाच वर्षं गेली.

मला वाटतं, ती पाच वर्षं हीच त्यांची श्रद्धा होती. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. लिहा-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर घरीच. पण देवाची इच्छा कोणती, हे त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मान्य केलं नाही, स्वतः समजून घेतलं. म्हणूनच 1919 साली टिळक वारल्यावर त्या कोलमडल्या नाहीत. टिळकांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुढे नेलं. त्यातला बहुतेक भाग त्यांचा आहे.

तीच गोष्ट पंडिता रमाबाईंची. आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ गेला, आणि 1882 साली नवराही. कडेवर लहानगी मनोरमा. हे सगळं देवाची इच्छा म्हणून त्या कोपऱ्यात बसल्या असत्या, तर कुणी दोष दिला नसता. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही डोळे मिटून नाही. ज्यांनी त्यांना ख्रिस्ती शिकवण दिली, त्यांच्याशीही त्या पुढे वाद घालत राहिल्या. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः जाऊन त्यांनी उपाशी मुलींना आणलं आणि केडगावच्या मुक्ती सदनात आसरा दिला. रमाबाई प्रार्थनेवर जगणारी बाई. पण पाणी हवं म्हणून त्यांनी केडगावला विहिरी खणून घेतल्या. प्रार्थना केली म्हणून विहीर खणायची राहू दिली नाही. मी मात्र दाखला काढायचा राहू दिला होता.

आमच्या शास्त्रातही हेच आहे, फक्त आपण सोयीचं तेवढं लक्षात ठेवतो. देवदूत मरियेकडे निरोप घेऊन आला, तेव्हा तिने आधी प्रश्न विचारला, मग होकार दिला. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने हे दुःख टळावं, ही स्वतःची इच्छा आधी पित्याला उघड सांगितली, मगच स्वतःला त्याच्या हाती सोपवलं. आणि धन्याने सोपवलेले पैसे ज्या चाकराने भिऊन जमिनीत पुरून ठेवले, त्याच्यावर धनी संतापला. तो चाकर वाईट चालीचा नव्हता हो, भित्रा होता. माझ्यासारखाच.

गावोगाव बायकांच्या अडचणी ऐकताना मला या शब्दांचा दुसराही वापर दिसतो, आणि तो जास्त घातक आहे. नवरा दारू पिऊन मारतो, सासू म्हणते देवाने हेच लिहिलंय, आणि कधी कधी आमच्यातलेच वडीलधारे म्हणतात, "बाई, सहन कर, हा तुझा क्रूस आहे." मला हे पटत नाही. बायकोने मार खावा, ही कुठल्याच देवाची इच्छा नसते. ती मारणाऱ्याची सोय असते. अशा बाईसाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत. तिने प्रार्थना जरूर करावी आणि तक्रारही जरूर करावी. एकीने दुसरीला अडवायचं काही कारण नाही.

मग देवाच्या इच्छेवर विश्वास ठेवायचा की नाही? ठेवायचाच. मी आजही ठेवते. फक्त आता निर्णयाची वेळ आली की आधी स्वतःला तीन गोष्टी विचारते. ही देवाची इच्छा असं मी म्हणते आहे, की माझी भीती तसं म्हणते आहे? ही इच्छा सांगणाऱ्या माणसाची यात काही सोय आहे का? आणि माझ्या हातात होतं तेवढं मी केलं का? दाखला, अर्ज, चौकशी, चार जाणत्या माणसांचा सल्ला, हे सगळं करून झालं की मग गुडघे टेकते. त्यानंतर जे होईल ते सोसायला बळ दे, एवढंच मागते.

पुढच्या वर्षी आम्ही दोघी मिळून सगळी कागदपत्रं गोळा केली. तहसीलला तीन खेपा झाल्या. कर्ज मिळालं, प्रवेशही मिळाला. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. सगळं गोड झालं असं नाही. कर्ज डोक्यावर आहे, आणि तिचा फोन आला नाही की अजूनही रात्री झोप लागत नाही. पण ती काळजी देवावर टाकताना आता मनाला खोटेपणा वाटत नाही.

बैठकीतल्या त्या बाईला हे सगळं सांगायचं राहून गेलं. पुढच्या महिन्यात सांगेन. शिलाई मशीनच्या कर्जाचं ती माहूरच्या आईवर सोपवून बसली आहे. आईच्या पाया जरूर पड म्हणेन, पण त्याआधी माझ्याबरोबर बँकेत चल.