अडगळ 'बाहेर' जाते, पण बाहेर म्हणजे कुठे?

मुलांनो, घर आवरायला काढलं की पहिल्या तासाभरात घराचं पार रणांगण होतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. माळ्यावरून एकेक वस्तू खाली उतरते. कान तुटलेला कप, चौथीतल्या वह्या, आखूड झालेले फ्रॉक आणि शर्ट, बंद पडलेला मिक्सर, घरातला पहिला मोबाइल आणि कशाकशाच्या आहेत ते कुणालाच आठवत नाही अशा वायरींचं भलंमोठं गुंतवळ! मग आई पदर खोचून म्हणते, "हे सगळं आज टाकून द्या बरं!"

इथे जरा थांबू या. टाकायचं म्हणजे कुठे? तुम्ही म्हणाल, "बाहेर." पण 'बाहेर' नावाचं काही गाव नाही आणि तिकडे जाणारी एसटीही नाही. आपल्या दारातून गेलेली वस्तू कुठल्या तरी गाडीत, कुठल्या तरी डेपोत आणि बहुतेक वेळा कुणाच्या तरी हातात जाते. त्या हातांची ओळख आधी करून घेऊ. पुढचं मग आपोआप कळेल.

हे हात कुणाचे?

पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्या माणसांनी आपली संघटना उभी केली. तिचं नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. नावातच सगळं आलं, नाही का? आपण फेकलेल्या ढिगातून कागद, काच, पत्रा निवडायचा आणि तो विकून घर चालवायचं. हे काम करणाऱ्यांत बायका फार मोठ्या संख्येनं आहेत. २००८ साली याच कष्टकऱ्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनं पुणे महापालिकेबरोबर करार केला आणि दारोदार जाऊन कचरा गोळा करायला सुरुवात केली.

आता डोळ्यांपुढे आणा. तुमच्या घरी आरसा फुटला. काचा तशाच पिशवीत भरल्या, वर भाजीची देठं टाकली आणि गाठ मारली. त्या पिशवीत काय आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पण सकाळी ती उघडून निवडणाऱ्या मावशींना माहीत नाही. त्यांचा हात कापला तर ड्रेसिंगचा खर्च त्यांचा आणि बुडालेला रोजही त्यांचाच.

म्हणून पहिला नियम असा : फुटकी काच जाड कागदात गुंडाळायची, वरून दोरा बांधायचा आणि त्यावर ठळक अक्षरांत 'काच' असं लिहायचं. ब्लेड, सुया, गंजके खिळे यांनाही हाच नियम. दोन मिनिटांचं काम, पण त्यानं कुणाचा तरी हात वाचतो. काचा गोळा करायचं काम मात्र मोठ्यांचं. तुम्ही फक्त अक्षर सुवाच्य काढा!

आधी तीन प्रश्न

प्रत्येक वस्तू हातात घेतली की तिला तीन प्रश्न विचारा. तू दुरुस्त होशील का? तू दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडशील का? नाहीतर तुझ्यापासून दुसरं काही बनेल का? तिन्ही उत्तरं 'नाही' आली, तरच ती वस्तू कचरा.

पहिल्या प्रश्नालाच बऱ्याच वस्तू सुटतात. बॅगेची चेन, छत्रीची काडी, कुकरचं हँडल, सायकलचं पंक्चर ही कामं करणारी माणसं आपल्या गावात, बाजारपेठेत असतात. नवी बॅग आणण्याआधी एकदा त्यांच्याकडे जाऊन या.

दुसऱ्या प्रश्नाला जरा मोठं मन लागतं. देणं वेगळं आणि गळ्यात मारणं वेगळं! बटणं तुटलेला शर्ट, पानं गळालेलं पुस्तक, चाक नसलेली मोटार हे कुणाला द्यायचं म्हणजे आपली अडगळ त्याच्या घरी नेऊन ठेवणं. कसोटी सोपी आहे. ही वस्तू अशीच्या अशी माझ्या जिवलग मित्राला देताना मला लाज वाटेल का? वाटत असेल तर आधी धुवा, बटण लावा, पुस्तकाला कव्हर घाला. आणि समोरच्याला विचारा, "तुला हवंय का?" त्याला 'नको' म्हणायचाही हक्क आहे.

सदरा जातो पानिपतावर!

जुने कपडे फेकायचे नसतात, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मऊ झालेल्या लुगड्यांची गोधडी व्हायची, धोतराची फडकी व्हायची आणि उरलेलं बोहारणीच्या टोपलीत जाऊन त्या बदल्यात स्टीलचं पातेलं घरात यायचं. पातेल्यावरची घासाघीस हा एक स्वतंत्र कार्यक्रमच असे!

लोकरीच्या कपड्यांची गंमत तर ऐका. पानिपत म्हटलं की आपल्याला १७६१ सालची लढाई आठवते. पण आज ते गाव आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. देशोदेशीचे जुने स्वेटर आणि कोट तिथे येतात. कामगार त्यांची बटणं, चेनी काढतात आणि रंगांप्रमाणे ढीग लावतात. मग यंत्रं ते कपडे पिंजून त्यांचे धागे सुटे करतात. त्या धाग्यांचं पुन्हा सूत कातायचं आणि त्याची ब्लँकेटं विणायची. लाल ढिगातून लाल सूत मिळतं, त्यामुळे पुष्कळदा वेगळा रंगही द्यावा लागत नाही.

रद्दी, पत्रा आणि बाटल्या

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर रद्दीवाल्याकडे असतं. कागदाचा लगदा करून पुन्हा कागद होतो. पण दर खेपेला त्यातले तंतू आखूड होत जातात, त्यामुळे हे पाच-सात वेळांच्या पुढे फारसं जमत नाही. म्हणून पाठकोरे कागद आधी कच्च्या कामाला वापरा, मग रद्दीत द्या. अॅल्युमिनियमचं मात्र तसं नाही, ते कितीही वेळा वितळवता येतं. खनिजापासून नवं अॅल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण ५ टक्क्यांत जुन्याचं नवं होतं. तुमच्या घरचं चेपलेलं पातेलं किती मोलाचं आहे, बघा!

फक्त एक पथ्य पाळा. रद्दी कोरडी ठेवा आणि बाटल्या, डबे विसळून द्या. आमटीत भिजलेल्या कागदाला भाव नाही.

लाल खोका

आता सगळ्यात महत्त्वाचा ढीग. केंद्र सरकारनं २०१६ साली घनकचऱ्याचे नियम केले. त्यात ओला आणि सुका कचरा तर वेगळा करायला सांगितलाच, पण 'घरगुती घातक कचरा' असा तिसरा भागही सांगितला. ट्यूबलाइट, सीएफएल दिवे, सेल, मुदत संपलेली औषधं, रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे, पाऱ्याचा फुटका थर्मामीटर, इंजेक्शनच्या सुया हे सगळं त्यात येतं. यासाठी एक खोका घ्या, त्याला लाल कागद चिकटवा आणि लहान भावंडांच्या हाताला येणार नाही अशा जागी ठेवा.

ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा असतो. पारा चमकतो छान, पण त्याची वाफ विषारी असते. जपानमधल्या मिनामाता गावात एका कारखान्यानं पाऱ्याची संयुगं समुद्रात सोडली. ती माशांत उतरली आणि ते मासे खाणारी माणसं आजारी पडली. हा आजार १९५६ साली उघडकीला आला. पुढे २०१३ साली पाऱ्याविषयी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला याच गावाचं नाव दिलं आहे. म्हणून जुनी ट्यूब क्रिकेटच्या स्टंपांसारखी उभी करून फोडायचा खेळ अजिबात नको! थर्मामीटर फुटलाच तर पाऱ्याच्या गोळ्यांशी खेळू नका, झाडू फिरवू नका. खिडक्या उघडा, खोलीबाहेर जा आणि मोठ्यांना हाक मारा.

मोबाइल, मिक्सर, रिमोट, वायरी म्हणजे ई-कचरा. त्यात तांबं असतं आणि थोडंसं सोनंही असतं. हे मिळवण्यासाठी काही ठिकाणी वायरी उघड्यावर जाळतात. ते प्लॅस्टिक जळताना जो विषारी धूर निघतो, तो आधी जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. म्हणून ई-कचरा भंगाराच्या गाडीवर न टाकता नोंदणी असलेल्या केंद्राकडे द्यायचा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी या वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी त्या बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. वस्तूवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र दिसलं, तर ती साध्या कचऱ्यात टाकायची नाही असं समजा. मोबाइल देण्याआधी त्यातले फोटो आणि सिमकार्ड काढून घ्या. फुगलेल्या बॅटरीला टाचणी लावू नका, ती पेट घेते.

आणि देवांच्या तसबिरी?

पिंपळाच्या पारावर फुटक्या तसबिरी ऊन-पाऊस खात पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. आदरानं ठेवतात, पण होतो अनादरच. त्यापेक्षा नमस्कार करून मोठ्यांकडून काच, चौकट आणि चित्र सुटं करून घ्या. साध्या कागदावरचं चित्र पाण्यात भिजवलं की त्याचा लगदा होतो. तो कुंडीच्या मातीत मिसळा. काचेचा नियम तुम्हाला आता पाठ आहेच!

या आठवड्याचा उद्योग

चार खोके घ्या. त्यांवर 'दुरुस्ती', 'देण्याजोगं', 'रद्दी-भंगार' आणि लाल रंगात 'घातक' असं लिहा. रविवारी घरातलं फक्त एकच कपाट आवरा. त्यातल्या किती वस्तू चार खोक्यांत गेल्या आणि खरा कचरा किती उरला, ते वहीत मांडा. बेरीज पाहून घरातले सगळे चकित होतात की नाही बघा.

आई-बाबांसाठी दोन ओळी : लाल खोका आणि ई-कचरा आपल्या भागात कुठे घेतात, हे महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वॉर्ड ऑफिसात एकदा विचारून घ्या आणि तो पत्ता फ्रिजवर चिकटवून ठेवा. मुलांनी खोके भरले आणि तुम्ही सगळं एकाच पिशवीत ओतलं, असं मात्र करू नका. मुलं सगळं पाहत असतात!