भाड्याचें वाहन आणि परक्याची ठेव

ज्यांचें बालपण पुण्यासारख्या अथवा नाशिकासारख्या शहरांत गेलें, त्यांना तासाच्या दरानें मिळणारी भाड्याची सायकल आठवत असेलच. मागच्या मडगार्डावर दुकानाचें नांव व गाडीचा क्रमांक रंगविलेला असावयाचा. दुकानदार वहींत घेणाऱ्याचें नांव आणि वेळ टिपून ठेवी. मुलगा ओळखीच्या घरचा असला म्हणजे अनामत मागण्याचें त्याला कारणच पडत नसे. सायकल मुलाच्या हातीं जाई हें खरें, परंतु वस्तुतः ती त्याच्या घराच्या नांवावर दिलेली असे. आतां तीं दुकानें बहुतेक उठलीं, आणि त्यांच्या जागीं स्कूटर व मोटारसायकल दिवसाच्या भाड्यानें देणारीं दुकानें शहरोशहरीं निघालीं. गोव्यांत हा व्यवसाय पूर्वींपासूनच भरभराटला आहे. ओळखपत्राची प्रत, अनामत रक्कम आणि करारावरील सही एवढ्यावर गाडी ताब्यांत मिळते. घराचें नांव कोणी विचारीत नाहीं. म्हणूनच कीं काय, सुटीचा दिवस जवळ आला कीं, मुलांना असें वाहन घेऊन जाऊं द्यावें कीं नाहीं, हा वाद पुष्कळ घरांतून ऐकूं येऊं लागला आहे.

प्रवास करूं नये असें कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. चातुर्य कशाकशानें येतें हें सांगतांना आपल्या सुभाषितकारांनीं देशाटनाला अग्रस्थान दिलेलें आहे. आतां देशाटन म्हणजे मोठ्या मोटारींत बसून ठरलेलीं सात ठिकाणें सायंकाळपर्यंत उरकणें नव्हे. वाटेल तेथें थांबतां यावें, आडवाटेला वळतां यावें, भेटलेल्या माणसाशीं चार शब्द बोलतां यावे, तरच देश पाहिल्यासारखें होतें. पालघर जिल्ह्यांतील जव्हार आणि मोखाडा ह्या डोंगरी तालुक्यांविषयीं तर हें विशेषच खरें आहे. तेथें एस्. टी. जाते, जव्हारास तिचें आगारहि आहे. परंतु धबधबे, गड आणि माळ हे हमरस्ता सोडून आंत आहेत. नाशिकाहून जव्हार सुमारें ८० किलोमीटर. त्र्यंबकेश्वर मागें टाकून तोरंगणचा घाट उतरलें कीं मोखाडा लागतें आणि पुढें जव्हार. दुचाकी वाहनानें एका मुक्कामांत नीट पाहून होईल असा हा टापू आहे.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरांतहि हाच वाद झाला. माझ्या धाकट्या बंधूंची कन्या नाशिकास महाविद्यालयांत शिकते. तिनें व तिच्या एका मैत्रिणीनें स्कूटर भाड्यानें घेऊन जव्हारास जावयाचें ठरविलें. आमच्या मातुःश्रींचें वय आतां शहाऐंशी आहे. त्यांनीं विचारलें, “घाटांत चाक बसलें म्हणजे काय करशील ग?” पोर हंसून म्हणाली, “आजी, गेल्या वर्षीं दादा गेला तेव्हां तूं त्याला हें विचारलें नाहींस. त्याला तर पान्हा कसा धरावा हेंहि ठाऊक नाहीं.” मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, “काका, तुम्हीच सांगा. विचारायचें तर दोघांनाहि विचारा.”

मातुःश्रींचा प्रश्न योग्यच होता. तो एकीलाच विचारला गेला, एवढेंच त्यांत वावगें होतें. घाटांतील वळण मुलगा आणि मुलगी असा भेद करीत नाहीं. ज्याला परवाना आहे, ज्याची वाहनावर सवय बसलेली आहे आणि ज्याला वेळेचें भान आहे, त्यानें जावें. ज्याला हें नाहीं त्यानें जाऊं नये, मग तो घरांतला थोरला मुलगा कां असेना. मी तिला चार गोष्टी विचारल्या. तिच्या भावाला शेजारीं बसवून त्यालाहि त्याच विचारल्या. उत्तरें बहिणीचीं अधिक नेटकीं आलीं, हें त्यानेंहि मान्य केलें. ती गेली.

भाड्याच्या वस्तूविषयीं आपल्या पूर्वजांनीं केलेला विचार ह्या ठिकाणीं सांगण्यासारखा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ‘धर्मस्थीय’ नांवाचें तिसरें अधिकरण आहे. त्यांत ठेवीचे नियम सांगत असतांनाच त्यानें उसन्या आणलेल्या आणि भाड्यानें घेतलेल्या वस्तूंचाहि विचार केला आहे. भाड्याच्या वस्तूला तो ‘अवक्रीतक’ म्हणतो. वस्तु जशी घेतली तशीच ती परत करावी, हा त्याचा मुख्य नियम. आणि अकस्मात् आपत्तीनें ती नष्ट झाली तर घेणाऱ्यावर दोष येऊं नये, ही त्याला जोडलेली सवलत. भाडें दिलें म्हणून वस्तु आपली होत नाहीं. तिचा उपयोग तेवढा आपण विकत घेतलेला असतो, वस्तु ही ठेवच राहते. आजचा छापील करारहि ह्याच दोन पायांवर उभा असतो : घेतांना वस्तु कशी होती, आणि बिघाड झाला तो आपत्तीनें कीं हलगर्जीपणानें.

ह्यांतील पहिल्या मुद्याची प्रचीति आमच्या पोरीला आली. गाडी परत करतेवेळीं दुकानदारानें डाव्या बाजूचा एक ओरखडा दाखविला आणि अनामतींतून पैसे कापण्याची भाषा काढली. तिनें गाडी ताब्यांत घेण्यापूर्वींच चोहोंबाजूंनीं तिचीं छायाचित्रें भ्रमणध्वनींत घेऊन ठेवलीं होतीं. त्यांत तो ओरखडा स्पष्ट दिसत होता आणि दिनांक व वेळहि होती. दुकानदारानें मुकाट्यानें पूर्ण अनामत परत केली. हें काम दोन मिनिटांचें आहे, पण तें प्रत्येकानें करावें.

आतां कायद्याविषयीं थोडें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या पंचाहत्तराव्या कलमाखालीं केंद्र सरकारनें १९९७ सालीं मोटारसायकली भाड्यानें देण्याची योजना जाहीर केली. तदनुसार हा व्यवसाय करणाऱ्यास परवाना घ्यावा लागतो. रीतसर भाड्यानें दिल्या जाणाऱ्या, स्वतः चालवावयाच्या वाहनाची क्रमांकपट्टी काळी असून तीवर पिवळीं अक्षरें असतात. खाजगी वाहनाची पट्टी पांढरी असते. पांढऱ्या पट्टीची गाडी कोणी ओळखीनें चार पैसे कमी घेऊन देऊं लागला, तर ती घेऊं नये. खाजगी वापरासाठीं उतरविलेला विमा भाड्याच्या वापराला लागू पडेल अशी खात्री नसते. आणि अपघात झाला म्हणजे वांचविलेल्या शंभर रुपयांसाठीं सबंध घराला कोर्टकचेरी करण्याची पाळी येते. विम्याची मुदत संपलेली नाहीं ना, हें कागद उघडून पाहावें. स्वतःचा चालक-परवाना जवळ असावा, आणि हेल्मेट दोघांनाहि असावें. मागें बसणाऱ्याचें डोकें कायद्याच्या किंवा ईश्वराच्या दृष्टीनें कमी मोलाचें नाहीं.

कठोपनिषदांत शरीराला रथ, बुद्धीला सारथि आणि मनाला लगाम म्हटलें आहे. घाटांत ह्या रूपकाचा अर्थ चांगलाच कळतो. पेट्रोल वांचविण्यासाठीं उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणें हा आत्मघाताचा मार्ग होय. ब्रेक सतत दाबून धरूं नये, तापून तो निकामी होतो. वेग आधींच कमी ठेवून दोन्ही ब्रेक थोडे थोडे वापरावे. वळणावर पसरलेल्या बारीक खडीवर आणि ओल्या शेवाळावर चाक घसरतें. निघण्यापूर्वीं टायर, दिवे, ब्रेक आणि भोंगा तपासून घ्यावा. टाकी शहरांतच भरावी आणि पुन्हां जव्हार सोडण्यापूर्वीं भरून घ्यावी. आंतल्या वाटांवर भ्रमणध्वनि चालेलच असें धरून चालूं नये. म्हणून कोणत्या वाटेनें जाणार आणि कितीपर्यंत परतणार हें घरीं अगोदर सांगून ठेवावें. ओढणी अथवा पदर खोचल्याशिवाय मागें बसूं नये; चाकांत अडकलेल्या वस्त्रानें होणारे अपघात फार भयंकर असतात. आणि दिवस मावळण्यापूर्वीं मुक्कामाला पोंचावें, कारण अंधार पडला कीं त्याच रस्त्यावरून गुरें आणि डोक्यावर मोळी घेतलेलीं माणसें दिव्यावांचून चालत असतात.

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारें ४५० मीटर उंचीवर आहे. मुकणे घराण्याचें हें संस्थान चौदाव्या शतकांतलें. १९४८ सालीं तें मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि २०१४ च्या ऑगस्टपासून हा भाग ठाणें जिल्ह्यांतून निघून पालघर जिल्ह्यांत मोडतो. गांवालगत झाडींत उभा असलेला दगडी जयविलास राजवाडा, सूर्यास्त पाहण्याची जागा आणि दरीच्या काठचें हनुमान पॉइंट हीं ठिकाणें अर्ध्या दिवसांत होतात. १६६४ मध्यें सुरतेच्या मोहिमेवर जातांना शिवाजीमहाराजांचा मुक्काम शिरपामाळावर पडला होता, अशी परंपरा तेथें सांगतात. भूपतगडाला मात्र सकाळचा थंड प्रहर राखून ठेवावा. लेंढी नदीवरील दाभोसा येथें पाणी सुमारें ३०० फूट खालीं कोसळतें. श्रावणांत तें रूप पाहावयास गर्दी लोटते, परंतु दुचाकी चालविणाऱ्यानें अश्विन-कार्तिकापर्यंत थांबणें बरें. तेव्हां हिरवळ असते, पाणीहि असतें आणि रस्ता कोरडा असतो. मोखाड्याकडे खोडाळ्याजवळ देवबांध येथें गणपतीचें देऊळ आहे. पुढें सूर्यमाळाचा चढ. उन्हाळ्याच्या तोंडाशीं मोखाड्यास बोहाडा होतो. देवदानवांचे मोठमोठे मुखवटे चढवून रात्रभर सोंगें निघतात. तें देवकार्य आहे, करमणुकीचा खेळ नव्हे, हें जाणून पाहणाऱ्यानें बाजूला उभें राहावें.

इतकीं ठिकाणें पाहून आमची पोर परत आली. परंतु तिनें आल्यावर सांगितली ती हकीकत ह्यांपैकीं कोणत्याहि ठिकाणाची नव्हती. मोखाड्याच्या पुढें एका पाड्यावर पाणी मागावयास दोघी थांबल्या, तों निम्म्याहून अधिक घरांना कुलपें. अंगणांत एक म्हातारी वरई पाखडीत बसली होती. तिनें पाणी दिलें, आणि विचारलें तेव्हां सांगितलें, “वीटभट्टीवर गेलीं सगळीं. पावसाला येतील.” वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा आदिवासी लोकांचा हा मुलूख. नागली, वरई आणि भात हीं त्यांचीं पिकें पावसावर होतात. दिवाळी झाली कीं कामासाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें भिवंडी-वसईकडे निघतात, आणि त्यांच्याबरोबर शाळेंतलीं मुलेंहि जातात. चाळीस वर्षें पट घालवीत आलेल्या माणसाला ह्या कुलपांचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं.

“काका,” तिनें विचारलें, “मुंबईचें पाणी इकडूनच जातें ना?” होय, इकडूनच जातें. ह्या भागांत पावसाळ्यांत अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. मुंबईसाठीं बांधलेलें मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यांत आहे. त्याची उंची १०० मीटरांहून अधिक. आणि त्याच तालुक्यांतील बाया फाल्गुन-चैत्रापासून डोक्यावर हंडे घेऊन दूरच्या विहिरीची वाट चालतात, गांवोगांवीं टँकरची वाट पाहिली जाते. डोंगर उताराचा, खडक कातळाचा. पडलेलें पाणी वाहून जातें, आणि अडविलें तें दूरच्या नळांना जातें. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें बालकें दगावलीं, तेव्हां सबंध महाराष्ट्राचें लक्ष ह्या तालुक्याकडे वळलें होतें. त्यानंतर सरकारी योजना आल्या. रस्तेहि झाले, आणि त्याच रस्त्यांवरून आपण आज धबधबे पाहावयास जातों.

म्हणून मला असें वाटतें कीं, जो नियम वाहनाला तोच त्या मुलखाला लावला पाहिजे. जसें घेतलें तसें परत करावें. धबधब्यावर बाटल्या व कागद टाकून येऊं नये; दारू पिऊन कातळावर चढणाऱ्यांची संगत धरूं नये. घरांचीं आणि माणसांचीं छायाचित्रें विचारल्याशिवाय घेऊं नयेत. हंडा डोक्यावर घेतलेली स्त्री हा देखावा नव्हे. पाड्यावरील अरुंद वाटेनें भोंगा वाजवीत जाऊं नये. खाणेंपिणें शक्य तों तेथेंच विकत घ्यावें, नागली-वरई आणावी आणि मागितलेल्या किमतींत घासाघीस करूं नये. वयानें वडील असलेल्या माणसाला ‘तूं’ म्हणूं नये. आपल्या घरीं आजोबांना जसे हांक मारतों तशीच तेथेंहि मारावी.

शाकुंतलाच्या चौथ्या अंकाच्या शेवटीं कन्येची पाठवणी केल्यावर कण्वांना जें समाधान वाटलें, त्याला कालिदासानें ठेव परत केल्याच्या समाधानाची उपमा दिली आहे. वर्गांत तें स्थळ शिकवितांना, आपण कन्येला ठेव कां म्हणावें, असा वाद मुली नेहमीं घालीत, आणि तो मला योग्यच वाटे. कन्या ही कोणाची ठेव नव्हे. परंतु परक्याची वस्तु जशीच्या तशी हातावेगळी झाली म्हणजे मन किती हलकें होतें, हें सांगण्यांत कवि चुकला नाहीं. घरांतील मुलेंमुली भाड्याचें वाहन घेऊन निघालीं, तर वडील मंडळींनीं अवश्य परवानगी द्यावी. विचारावयाचे ते प्रश्न मुलाला आणि मुलीला सारखेच विचारावे. आणि तीं परत आल्यावर छायाचित्रें पाहण्यापूर्वीं, गाडी कशी परत केली आणि वाटेंत कोणाशीं बोललांत, हे दोन प्रश्न जरूर विचारावे. आमच्या मातुःश्रींनीं ते विचारले. आणि वरईच्या पिशवींतून मूठभर दाणे हातावर घेऊन, त्या म्हातारीला किती पैसे दिले, हा तिसरा प्रश्न त्यांनीं आपण होऊन जोडला.