ऐंशी पानांचे लग्न



गेल्या रविवारी माझ्या थोरल्या बहिणीकडे, कल्याणला, बैठक झाली. बैठक म्हणजे चटईवर आम्ही सात-आठ माणसे, मध्ये चहाची किटली, आणि विषय भाचीचे लग्न. या लग्नाचा साखरपुडा जानेवारी २०२० मध्ये झाला होता. म्हणजे साखर केव्हाच विरघळली, पुडा तेवढा शिल्लक होता.

तेव्हा लग्न मे महिन्यात धरले होते. गावाकडची, चिपळूणकडची माणसे मे महिन्यात मोकळी असतात आणि मुंबईकरांच्या पोरांना सुट्टी असते. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. पुढे पन्नास माणसांत लग्न लावायला परवानगी मिळू लागली, आणि आमच्याच वस्तीत तीन लग्ने तशी झाली. मी ताईला म्हटले होते, उरकून घेऊ. ती म्हणाली, "माझी एकुलती एक पोर, आणि ती तोंडाला फडकं बांधून बोहल्यावर? थांबू की सहा महिने." खरे सांगायचे तर मीही फार जोर लावला नाही. एकुलती एक भाची. मामालाही मिरवायचे होते.

सहा महिन्यांची पाच वर्षे कशी होतात ते सांगतो. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत मुलाचे वडील गेले. घरात मिळवते माणूस तोच एक उरला, तोही भिवंडीच्या गोदामात ठेकेदाराकडे. वर्षभर लग्नाचे नाव काढायची सोय नव्हती. मग त्याच्या धाकट्या भावाच्या डिप्लोमाची फी आली. मग आमच्या भाऊजींचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि साठवलेले पैसे तिकडे गेले. दरम्यान सोने पळत सुटले. साखरपुड्याच्या वेळी तोळा चाळीस हजारांच्या आसपास होता, २०२५ मध्ये तो लाखाच्या वर गेला. दरवर्षी दिवाळी झाली की ताई म्हणायची, आता पुढच्या मेमध्ये. पैसे जमले की करू. पैसे जमत नव्हते असे नाही, पण जितके जमायचे त्याच्या पुढे लग्नाचा खर्च जायचा.

या काळात भाचीने काय सोसले ते आम्हा पुरुषांना बैठकीत पहिल्यांदा कळले. ती एका पॅथॉलॉजीत तंत्रज्ञ आहे. जिन्यात भेटणारी प्रत्येक बाई विचारायची, "मोडलं का गं?" दोघे सिनेमाला गेले तर "लग्नाआधीच फिरतात", न गेले तर "बिनसलंय". एका नातेवाईक बाईने तर तिच्यासाठी दुसरे स्थळ आणले होते, साखरपुडा झालेला माहीत असून.

तर रविवारी भाची उभी राहिली आणि म्हणाली, "आम्ही दोघांनी ठरवलंय. विहारात, सकाळी दहाला. दोन्हीकडची मिळून ऐंशी माणसं. मामा, हिशेब तू मांड, आईला तुझाच पटतो."

मी कारकून माणूस, बी.कॉम. झालेला. हिशेब मांडायला मला आवडते. ताईच्या मनातल्या लग्नाचे आकडे मी तिलाच विचारून लिहीत गेलो. सातशे पाने, साडेतीनशे रुपयांच्या दराने दोन लाख पंचेचाळीस हजार. हॉल पंचाहत्तर हजार. बस्ता साठ. हळदीची रात्र, म्हणजे डीजे आणि त्याबरोबर येणारे सगळे, चाळीस. फोटो-व्हिडिओ पंचेचाळीस. गावाहून दोन बसगाड्या, छप्पन. पत्रिका आठ. बेरीज पाच लाख एकोणतीस हजार, आणि यात सोने धरलेले नाही. एवढे पैसे घरात नाहीत, म्हणजे कर्ज. पाच लाख रुपये १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर दरमहा हप्ता साधारण अकरा हजार सहाशे बसतो. पाच वर्षांत व्याजच दोन लाखांना टेकते. जेवून गेलेल्या सातशे माणसांपैकी निम्म्यांना भाजी कोणती होती ते आठवणार नाही, तेव्हाही हप्ता चालूच असेल.

दुसरा हिशेब भाचीने वहीच्या मागच्या पानावर आधीच लिहून ठेवला होता. विहाराला दान पाच हजार. नव्वद पाने, अडीचशेच्या दराने साडेबावीस हजार (दहा पाने जास्तीची धरली होती, पोरगी हुशार आहे). दोघांचे पांढरे कपडे चौदा हजार. फुले, मेणबत्त्या, हार तीन हजार. फोटोवाला सहा हजार. एकूण साडेपन्नास हजार, दोन्ही घरांनी निम्मे-निम्मे.

आणि मग तिने पिशवीतून पोस्टाचे पासबुक काढले. टाळेबंदी सैल झाल्यावर २०२० मध्ये दोघांनी मिळून पाच वर्षांची आरडी उघडली होती. दरमहा चार हजार, दोघांचे दोन-दोन. मधल्या काळात नोकरी डळमळली, घरात मयत झाली, पण हप्ता चुकवला नाही. मुदत भरली तेव्हा व्याजासह पावणेतीन लाखांच्या वर रक्कम झाली. "हे खोलीच्या डिपॉझिटचे आहेत," ती म्हणाली. "त्याच्या घरी दहा बाय बाराच्या खोलीत सासूबाई आणि दीर आहेत. जवळच दुसरी खोली घ्यायची आहे. लग्नात हे उडाले तर मी कुठे झोपू, ते सातशे माणसांना विचारा."

कोणी काही बोलले नाही. भाऊजी खिडकीबाहेर बघत राहिले.

आता वाचकांना वाटेल की ताईला मान आणि मिरवणे एवढेच हवे होते. मलाही तसेच वाटत होते. पण ती उठली, कपाटातून एक जाडजूड वही आणली आणि माझ्यासमोर आपटली. आहेराची वही. लग्न झाल्यापासून आजवर तिने कोणाकोणाला काय दिले त्याची नोंद. अमक्याच्या मुलीला स्टीलचा डबा. तमकीच्या सुनेला पातळ. शेजारणीच्या नातवाच्या बारशाला एकावन्न रुपये. शाळेत मुलांची खिचडी शिजवणारी बाई, तिच्या पगारात हे कसे बसवले असेल? "तीस वर्षं मी सगळ्यांच्या मांडवात उभी राहिले," ती म्हणाली. "भाकऱ्या भाजल्या, पंगती वाढल्या, उष्टी काढली. आता माझ्या दारात एक दिवस ही माणसं यावीत, हे मागणं जास्त आहे का? तुमच्या ऐंशीत ह्या वहीतली किती बसतात ते सांगा."

माझ्या हिशेबात हे कलम नव्हते. साधेपणावर भाषणे करणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांचे इथेच चुकते. आम्ही खर्चाची बाजू मांडतो, आणि समोरची बाई जमेची बाजू घेऊन बसलेली असते हे आम्हाला दिसत नाही. गरीब वस्तीत आहेर ही एक प्रकारची भिशीच असते. ज्याने तीस वर्षे भरले त्याला ऐनवेळी "भिशी बंद" म्हणून सांगणे हा अन्याय आहे. आहेर परत मिळावा म्हणून ती बोलत नव्हती, हेही मला कळले. माणसे परत यावीत म्हणून बोलत होती.

वाट काढली ती भाचीने आणि तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी, आम्ही नाही. लग्न ऐंशी पानांचेच. पण लग्नानंतर येणाऱ्या पौर्णिमेला संध्याकाळी विहारात वंदना आणि वस्तीला खीरदान, दोन्ही घरांच्या नावाने. त्या दिवशी वहीतले प्रत्येक नाव बोलवायचे, आणि बोलवायला ताईने स्वतः जायचे, हातात पत्रिका न घेता. आहेर घ्यायचा नाही. खीर बायका मिळून शिजवतील. शिजवणाऱ्यांत ताई नसेल, हे तिच्या जावेने बजावून सांगितले. "तू त्या दिवशी खुर्चीत बसायचं." दूध, तांदूळ, साखर, सुका मेवा धरून मी बारा हजार मांडले आहेत. जास्त लागले तर मामाचे.

ऐंशी नावांची यादी करायला मात्र दोन तास लागले. पैशाच्या हिशेबापेक्षा हे अवघड. आम्ही एक नियम केला: साखरपुड्यानंतरच्या पाच वर्षांत जी माणसे दोन्ही घरांच्या अडचणीला धावली, ती आधी. मुलाच्या वडिलांना रात्री दोन वाजता रिक्षात घालून दवाखान्यात नेणारा शेजारी पहिल्या दहात आला. मानाने मोठी पण पाच वर्षांत न दिसलेली काही नावे खाली गेली. माझ्या कार्यालयातले कोणी नाही, एकही नाही. हे लिहिताना जरा जड गेले, पण नियम तो नियम.

भाऊजींचे थोरले बंधू चिपळूणहून फोनवर होते. ते भडकले. गावच्या शाखेला काय तोंड दाखवायचे, चोरून लग्न करता काय, एवढी घाई कशाला? पाच वर्षे थांबलेल्या पोरीला घाई विचारणारे काका मी प्रथमच पाहिले. मग म्हणाले, बाबासाहेबांच्या समाजाला हे शोभत नाही. इथे मात्र मला बोलावे लागले. बाबासाहेबांचे आणि रमाईंचे लग्न भायखळ्याच्या बाजारात रात्री, बाजार उठल्यावर लागले. दुसरे लग्न १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत, ते देशाचे कायदामंत्री असताना, राहत्या घरी नोंदणी पद्धतीने मोजक्या माणसांत झाले. आणि २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी आयाबहिणींना सांगितले की मुलांच्या लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे, ती पेलण्याची आर्थिक ताकद येईपर्यंत ती मुलांवर लादू नका. ताकद म्हणजे डीजेची नव्हे, संसाराची. आमच्या दोघांनी पाच वर्षे दरमहा चार हजार भरून तीच तर कमावली. काकांनी फोन ठेवला.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात राहून राहून येते. आपल्या मंगल परिणयात वधू-वर ज्या प्रतिज्ञा घेतात त्या सिगालोवाद सुत्तातल्या पती-पत्नीच्या कर्तव्यांवरून आलेल्या आहेत. पतीने पत्नीचा सन्मान करावा, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा. पत्नीने मिळवलेल्याचे जतन करावे. सकाळी साडेदहाला पोरगी हे बोलणार आणि दुपारी दीडला आम्ही तिच्या पाच वर्षांच्या बचतीच्या पंगती उठवणार, याला काय म्हणावे?

चार व्यवहाराच्या गोष्टी, कारण अशा लग्नाची पत्रे मला अधूनमधून येतात. साधे लग्न म्हणजे नुसता नोंदणीचा कागद नव्हे. आपण बौद्ध हिंदू विवाह कायद्याखाली येतो, आणि आपल्या रीतीने लागलेले लग्न कायद्याने पूर्ण लग्न आहे. पण विधी झालाच पाहिजे. विधी न करता नुसते प्रमाणपत्र काढले तर त्या कायद्याखाली ते लग्न ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून बौद्धाचार्य आधी ठरवा, त्रिशरण-पंचशील, प्रतिज्ञा, पुष्पहार हे सगळे नीट होऊ द्या, एक तासाचेच काम आहे. फोटोत दोघांबरोबर साक्षीदारही दिसू द्या. मग महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे नव्वद दिवसांच्या आत महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंदणी करा, तीन साक्षीदार लागतात. आमच्याकडे तिसरा साक्षीदार म्हणून तो रिक्षावाला शेजारी ठरला आहे. ज्यांना विधी नको, नुसते नोंदणी लग्नच हवे, त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. पण तिथे तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. तारीख पक्की करून मग कार्यालयात धावाल तर पंचाईत होईल.

हळद करायची की नाही यावर अजून वाद आहे. माझे मत सर्वांना माहीत आहे. करवल्या ऐकायला तयार नाहीत. म्हणतात, डीजे नको तर नको, पण घरात बायका-बायकांत गाणी म्हणू. मी गप्प बसलो आहे.

ताईने सोमवारपासून घरोघर जायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी अकरा घरे झाली. एका घरी तिला दारातूनच परत यावे लागले, बाकीच्यांनी चहा पाजला. वहीत ती आता प्रत्येक नावापुढे बारीक खूण करते.

चिपळूणच्या काकांचे पान आम्ही धरून ठेवले आहे. फोनवर ते येत नाहीत, म्हणून शनिवारी रात्रीच्या एस.टी.ने मी आणि भाची जाऊन येतो. ती म्हणते, पासबुक बरोबर घेऊ.