दाखले ऑनलाइन झाले, तरी हेलपाटे का?

पालघरच्या जव्हार तालुक्यातलं दाभोसा धबधब्यासाठी ओळखलं जातं. पण इथल्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती हवी असेल, तर उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून, जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्यांकडून आणि अर्ज महाडीबीटी पोर्टलवर, अशी तीन दारं आहेत.

कायदा काय सांगतो?
2015च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत घातली. मुदत पाळली नाही तर दोन अपिलं, मग आयोग. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर करता येतो.

मग अडतं कुठे?
कायदा प्रत्येक सेवेचं घड्याळ लावतो, तीन दारांमधल्या प्रवासाचं नाही. एका कार्यालयाने दिलेला दाखला दुसरीकडे पुन्हा अपलोड करायचा, तिथे तो पुन्हा तपासायचा, हे कागदी कामच झालं.

उपाय काय?
दोन कामं एकत्र व्हायला हवीत. पहिलं प्रक्रिया व्यवस्थापन, म्हणजे कोणता टप्पा खरंच लागतो हे ठरवणं. दुसरं सेवा एकत्रीकरण, म्हणजे सरकारकडे असलेली माहिती एका विभागाने दुसऱ्याकडून थेट घेणं. नुसती प्रणाली जोडली तर अनावश्यक टप्पेच वेगाने धावतात. नुसते टप्पे कमी केले तर कागद नागरिकालाच वाहावा लागतो.

यश कसं मोजायचं?
निकाली अर्जांच्या आकड्यावरून नव्हे. जव्हारच्या प्रत्येक फेरीत पालकांची एक दिवसाची मजुरी बुडते. अशा किती फेऱ्या वाचल्या, हाच खरा हिशोब.