'रॉबिन हूड' हे नाव कोणाच्या सोयीचे?

१६ मे १९६८ रोजी टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ येथे एजवूड हायस्कूलचे सुमारे चारशे विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले. इमारत मोडकळीस आलेली, शिक्षक अप्रशिक्षित. वस्ती प्रामुख्याने मेक्सिकन-अमेरिकन श्रमिकांची. पालकांनी खोलात जाऊन पाहिले, तेव्हा या दुरवस्थेचे मूळ करपद्धतीत सापडले.

तेथे सरकारी शाळांच्या खर्चाचा मोठा भाग 'स्कूल डिस्ट्रिक्ट'च्या मालमत्ताकरातून येतो. हा डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्याकडचा जिल्हा नव्हे. एकट्या सॅन अँटोनिओ परिसरात असे सात होते आणि प्रत्येकाचा कर त्याच्याच हद्दीत खर्च होई.

एजवूडमध्ये १०० डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर होता. परिसरातील हा सर्वाधिक दर. राज्याच्या किमान योजनेतील वाटा वगळता त्यातून दर विद्यार्थ्यामागे हाती येत २६ डॉलर. सधन अलामो हाइट्समध्ये दर अवघा ८५ सेंट, आणि हाती येत ३३३ डॉलर. म्हणजे अधिक दराने कर भरणाऱ्यांच्या मुलांना जेमतेम तेरावा हिस्सा!

हवाई दलाच्या तळावर पत्राकाम करणारे डिमेट्रिओ रॉड्रिग्ज आणि इतर पालक न्यायालयात गेले. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. शिक्षण हा संघीय राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असे बहुमताचे म्हणणे होते.

पुढचा लढा टेक्सासच्या स्वतःच्या, १८७६ च्या राज्यघटनेवर उभा राहिला. तिच्यात 'कार्यक्षम' शाळाव्यवस्थेची जबाबदारी विधिमंडळावर टाकलेली आहे. त्या एका विशेषणाच्या बळावर १९८९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने जुनी व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. तोवर सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब डिस्ट्रिक्टच्या दरडोई मालमत्तेत ७०० पटींचे अंतर पडले होते. त्यानंतरचे कायदेही न्यायालयात टिकले नाहीत. अखेर १९९३ मध्ये 'सिनेट बिल ७' आले: दर विद्यार्थ्यामागे २,८०,००० डॉलरहून अधिक मालमत्ता असलेल्या डिस्ट्रिक्टने वरच्या संपत्तीवरील कर इतरांसाठी मोकळा करावा. १९९५ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला.

या कायद्याला 'रॉबिन हूड' हे नाव चिकटले. नाव आकर्षक आहे आणि तितकेच अन्यायकारक. रॉबिन हूड दुसऱ्याचे धन लुटतो. येथे मात्र डिस्ट्रिक्ट ही राज्याच्याच कायद्याने उभी राहिलेली संस्था. राज्याने मान्य केलेल्या सीमेमुळे एका बाजूला साचलेला कर राज्यानेच वाटून दिला, तर ती लूट कशी? या नावाने सीमा नैसर्गिक ठरते आणि वाटप तेवढे अनैसर्गिक.

आक्षेप सारेच पोकळ नाहीत. जमिनींचे भाव चढल्यावर ऑस्टिन हा सर्वांत मोठा देणेकरी ठरला, आणि तेथेही गरीब घरांतील मुले मोठ्या संख्येने शिकतात. स्थानिक कर वाढला की राज्याला आपला वाटा आखडता घेता येतो, ही टीकाही रास्त आहे. पण हा दोष राज्याच्या कंजुषीचा आहे, एजवूडचा नव्हे.

मूळ खटला दाखल झाला तेव्हा रॉड्रिग्ज यांची मुले प्राथमिक शाळेत होती. कायदा आला तेव्हा त्याला पंचवीस वर्षे लोटली होती.