धान्याच्या कोठाराची किल्ली

विषमता ही माणसाच्या स्वभावातच आहे, असे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधी वाण नव्हती. पूर्वी हे काम धर्मशास्त्राकडे होते. पूर्वजन्मीच्या कर्माचा हवाला दिला की भागत असे. आता तेच काम अर्थशास्त्राच्या नावाने चालते. मनुष्य मुळातच स्वार्थी, त्याच्या गरजा अमर्याद आणि साधने मर्यादित. सबब काहींच्या वाट्याला पुष्कळ आणि बहुतेकांच्या वाट्याला थोडे येणे अपरिहार्य, अशी ही मांडणी आहे. प्रस्तुत लेखकाने यातील पहिली दोन विधाने अनेक वर्षे वर्गातील फळ्यावर लिहिली आहेत. त्यांना पुरावा काय, असे विद्यार्थ्यांनी क्वचितच विचारले आणि आम्ही अध्यापकांनीही स्वतःला विचारले नाही.

मनुष्यस्वभावाविषयी निर्णय द्यावयाचा तर मनुष्यजातीचे सगळे आयुष्य विचारात घ्यावयास हवे. आपली जात सुमारे तीन लाख वर्षांची आहे. शेती गेल्या बारा हजार वर्षांतली आणि लेखन जेमतेम पाच हजार वर्षांचे. म्हणजे ज्या काळाचे ग्रंथ आहेत तो काळ या आयुष्याचा अगदी शेवटचा तुकडा होय. उरलेल्या काळाची साक्ष काढावयाची तर पुरातत्त्ववेत्त्याची कुदळ आणि मानववंशशास्त्रज्ञाची टिपणवही यांच्याकडेच जावे लागते.

प्रथम टिपणवही पाहू. रिचर्ड ली हे मानववंशशास्त्रज्ञ १९६३ पासून कालाहारी वाळवंटाच्या कडेला, आजच्या बोट्स्वानात, कुंग या शिकारी व अन्नसंग्राहक लोकांत राहिले. अन्न मिळविण्यासाठी तेथील प्रौढ माणसे आठवड्यातून सरासरी दोन ते तीन दिवस खर्च करतात, असे त्यांच्या नोंदींत आढळले. या आकड्यांत अन्न सिद्ध करण्याचे कष्ट पुरते धरलेले नाहीत, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो रास्तच होता. परंतु त्यांची दुसरी नोंद अधिक महत्त्वाची आहे. मोठी शिकार करून आलेल्या माणसाचे तेथे कौतुक होत नाही. उलट, जनावर हाडकुळे आहे, एवढ्यासाठी आम्हाला इतके लांब चालविलेस काय, अशी त्याची चेष्टा होते. त्याला गर्व होऊ नये आणि उद्या त्याने इतरांवर हुकूम चालवू नये, हा त्यामागील हेतू ते लोक स्वतःच सांगतात. येथे समता भोळेपणातून आलेली नाही. ती जाणून-बुजून, रोजच्या रोज राखलेली आहे. कुंग हे काही आपले पूर्वज नव्हेत, तेही आपल्याइतकेच आजच्या काळातले आहेत. पण मिळेल ते आपल्याकडे साठवावे ही वृत्ती सर्व माणसांत सारखीच प्रबळ असते, या समजुतीला या एका उदाहरणानेही तडा जातो.

आता कुदळीकडे वळू. तुर्कस्तानातील चाताल्ह्युयुक येथे नऊ हजार वर्षांपूर्वी हजारोंच्या संख्येने माणसे एकत्र राहत होती. जेम्स मेलार्ट यांनी १९६१ साली तेथे उत्खनन सुरू केले आणि इयान हॉडर यांच्या नेतृत्वाखाली १९९३ ते २०१८ अशी पंचवीस वर्षे ते पुन्हा चालले. घरे एकमेकांना खेटून, आकाराने बरीचशी सारखी. राजवाडा नाही, स्वतंत्र देऊळ नाही, सरकारी कोठारही नाही. स्त्री-पुरुषांच्या हाडांवरून त्यांच्या आहारातही मोठा फरक दिसत नाही. शेती आली, वस्ती मोठी झाली की राजा आणि रयत ओघानेच येतात, हा सिद्धान्त येथे लागू पडत नाही.

याचा अर्थ प्राचीन काळी सुवर्णयुग होते असा कोणी काढील, तर तेही खरे नव्हे. जर्मनीतील टालहाइम येथे सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या एका खड्ड्यात ३४ माणसांचे सांगाडे सापडले. स्त्रिया आणि मुलेही त्यांत होती आणि अनेकांच्या कवट्या हत्यारांनी फोडलेल्या होत्या. मनुष्य शेजाऱ्याबरोबर वाटून खाऊ शकतो आणि त्याला ठारही मारू शकतो. या दोहोंतून काय वाढीस लागेल हे तो कोणती व्यवस्था उभारतो यावर अवलंबून असते.

ही व्यवस्था कशी उभी राहते, हे पाहण्यासाठी दूर जावयास नको. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इसवी सनपूर्व सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे नांदलेले शेतकऱ्यांचे गाव त्यांनी उजेडात आणले. शंभराहून अधिक घरे मिळाली, दोनशेहून अधिक दफने मिळाली. सातूचे पीक, गुरेढोरे, रंगीत भांडी असा तो संसार होता. या गावाच्या इतिहासात राजाचे नाव नाही, लढाई नाही, शिलालेख नाही. आपल्या मातीतील पहिल्या कष्टकऱ्यांचा तो इतिहास आहे.

गावाच्या भरभराटीच्या काळात लोकांनी पुराच्या पाण्यासाठी बांध घातला आणि पाट खणला. असे काम एका कुटुंबाच्या हातून होत नाही. साऱ्या गावाचे हात त्याला लागले असले पाहिजेत. परंतु त्याच गावात, वस्तीच्या मध्यभागी, पाच खोल्यांचे एक प्रशस्त घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार होते. कुंभारादी कारागिरांची घरे मात्र कडेला. अशाच एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात, मांडी घालून बसविलेला एक प्रौढ पुरुष पुरलेला आढळला. सामान्य माणसाच्या वाट्याला असा रांजण येत नव्हता. हा गावचा प्रमुख असावा, असा उत्खननकर्त्यांचा निष्कर्ष आहे.

पाट सर्वांनी खणला आणि कोठार एका घराला लागून राहिले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून अधिक बोलका पुरावा क्वचितच मिळेल. ते कोठार सर्वांचे होते आणि प्रमुख त्याचा केवळ राखणदार होता, असेही असू शकेल. आरंभी बहुधा तसेच असेल. दुष्काळासाठी धान्य राखून ठेवणे ही समाजाची खरी गरज आहे आणि ते कोणीतरी सांभाळलेच पाहिजे. विषमतेचा प्रवेश होतो तो याच गरजेच्या वाटेने. राखणदाराचा मालक कधी झाला, हे गावाला कळतही नाही. एक-दोन पिढ्या उलटल्या की तो जन्मतःच मालक ठरतो.

पुढे इनामगावला वाईट दिवस आले. चौकोनी, ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली, शिकारीवर भिस्त वाढली. पावसाचे मान घटल्यामुळे हे घडले असे ढवळीकर मानत. अलीकडच्या काही संशोधकांना हे कारण पुरेसे वाटत नाही. परिणामांविषयी मात्र शंका नाही. दफनांत बहुसंख्य बालके आहेत. जमिनीत पुरलेल्या मडक्यांत ती ठेवलेली होती. उत्तरकाळातील मुलांच्या हाडांवर खुंटलेल्या वाढीच्या खुणा अभ्यासकांना दिसल्या आहेत. पाऊस रुसला तो सर्वांवर, पण त्याची झळ सर्वात आधी मुलांच्या हाडांपर्यंत पोहोचली.

ही कथा तीन हजार वर्षांपूर्वीची म्हणून बाजूला सारता येणार नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना ती ओळखीची वाटेल. त्या वेळी महाराष्ट्रातील कष्टकऱ्यांनी दयेची याचना केली नाही, काम मागितले. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या अनुभवातून आणि लोकांच्या रेट्यातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. कामाचा हक्क मान्य करणे म्हणजे सार्वजनिक कोठारावर भुकेल्याचा पहिला हक्क मान्य करणे होय. त्या कायद्याचे खरे महत्त्व हेच होते. असे हक्क सनदी भाषेत लिहून ठेवले म्हणजे टिकतात, असे नाही. कुंग लोक जसे शिकाऱ्याचा गर्व रोज उतरवितात, तसे तेही रोज राखावे लागतात.

आज त्याच घोड नदीवर धरण आहे. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या धरणाचे पाणी कोणाच्या शेतात किती जाते आणि ते कोण ठरवितो, हा प्रश्न इनामगावच्या पाटाइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर मनुष्यस्वभाव म्हणून देणाऱ्यांना आता एवढेच विचारावे: कोणत्या मनुष्याचा स्वभाव, आणि कोणत्या काळातला? विषमता माणसांनी, विशिष्ट परिस्थितीत, टप्प्याटप्प्याने उभी केली, हे मातीखालचा पुरावा सांगतो. जे माणसांनी उभे केले ते माणसांना बदलताही येते. त्यासाठी कोठार मोडण्याचे कारण नाही. त्याची किल्ली गावाकडे परत आणली पाहिजे.